जळगावातील लेझर कटिंग आणि गिटार अॅम्प्लिफायरचा फायबर बोर्ड : दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

गेल्या वर्षी मे महिन्यात मी जळगावातील एका लेझर कटिंगच्या दुकानातून घरी बांधायच्या गिटार अॅम्प्लिफायरसाठी सर्किट बोर्ड कापून घेतला. तो बोर्ड ऑगस्टमध्ये उपटून काढावा लागला. सप्टेंबरमध्ये त्याच दुकानातून, त्याच शीटच्या उरलेल्या तुकड्यातून दुसरा कापून घेतला, आणि तो यंदाचा पावसाळा धरून आजवर बिनतक्रार चालू आहे. एकाच मशीनवर कापलेल्या दोन बोर्डांत एवढा फरक का पडला, ते सांगितल्याशिवाय या दुकानाविषयी बरे किंवा वाईट लिहिणे न्यायाचे होणार नाही. दुकानाचे नाव मी देत नाही, कारण झालेल्या चुकीतला निदान अर्धा वाटा माझा आहे.

अॅम्प्लिफायर म्हणजे फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातील ‘चॅम्प’चे ५एफ१ हे सर्किट. एक १२एएक्स७, एक ६व्ही६ आणि रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा) म्हणून एक ५वाय३ असे तीन व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या), आठ इंची स्पीकर आणि पाच वॉटच्या आसपास आवाज. बंद खोलीत तेवढाही शेजाऱ्यांना पुरून उरतो. त्या काळातील अॅम्पमध्ये आजच्यासारखी तांब्याच्या रेषांची छापील पाटी नसे. काळ्या फायबरच्या पट्टीला भोके पाडून त्यांत पितळी आयलेट (पोकळ खिळे) ठोकत, त्यांत रेझिस्टर व कपॅसिटरची टोके घालून डाग देत आणि तिथून व्हॉल्व्हच्या सॉकेटपर्यंत वायरी नेत. दुरुस्तीला ही रचना फार सोयीची असते, कारण एखादा भाग बदलताना पाटीवरची तांब्याची रेष उखडून येण्याची भीती नसते. घरी बांधणारे बहुतेक जण अजूनही हीच पद्धत वापरतात, आणि त्यांना अडते ते याच पट्टीपाशी. चाळीसेक भोके एका ओळीत, सारख्या अंतरावर, हातच्या ड्रिलने पाडायची म्हणजे विसाव्या भोकानंतर ओळ सरकतेच. म्हणून लेझर.

बोर्डाचे साहित्य व्हल्कनाइज्ड फायबरचे. नाव ऐकून रबर किंवा प्लॅस्टिक डोळ्यांसमोर येते, पण यात गंधक नाही, रबर नाही आणि डिंकासारखा कोणताही चिकटा नाही. टॉमस टेलर या इंग्रज माणसाने १८५९ मध्ये याचे पेटंट घेतले. कापसाच्या चिंध्यांपासून केलेला कागद झिंक क्लोराइडच्या द्रावणातून काढला की त्याचे तंतू फुगून चिकट होतात; असे थर एकमेकांवर दाबतात, मग ते क्षार पाण्याच्या टाक्यांतून कितीतरी दिवस धुऊन काढतात आणि शेवटी शीट वाळवून दाबून सपाट करतात. थोडक्यात, तो सगळा कापूसच आहे, आणि कापसाच्या मुलखात राहणाऱ्याला कापूस किती पाणी पितो हे वेगळे सांगायला नको. कोरडा असताना तो उत्तम विद्युतरोधक असतो. हवेतला ओलावा शोषला की तो फुगतो, वाकतो आणि थोडी थोडी वीज गळू देतो. आमच्याकडच्या मोटर रिवायंडिंगवाल्यांचा याच्या पातळ भावंडाशी रोजचा संबंध असतो. स्लॉटमध्ये घालायचा तो लेदरॉइड कागद याच कुळातला. जाड शीट मात्र इथे मिळाली नाही. मुंबईच्या लोहार चाळीतून अडीच मिलिमीटर जाडीची काळी शीट एका नातेवाइकाकरवी मागवली. ती रेल्वेच्या डब्यात गुंडाळी होऊन आली आणि पुन्हा सरळ व्हायला वजनाखाली चार दिवस लागले.

दुकानात गेल्यावर पहिला घोळ ‘फायबर’ या शब्दाने घातला. मी फोनवर ‘फायबरबोर्ड कापायचा आहे’ असे म्हणालो होतो, तर मालकांनी एमडीएफची साडेपाच मिलिमीटरची पाटी काढून ठेवली होती. त्यात त्यांची चूक नव्हती, कारण एमडीएफमधला ‘एफ’ हा फायबरचाच, आणि त्यांचे दिवसभराचे काम घराच्या नावपाट्या, लग्नाच्या पत्रिकांचे कटआउट व शाळांच्या ट्रॉफ्या हेच. एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा आणि युरिया-फॉर्माल्डिहाइडचा चिकटा. तीनशे व्होल्टच्या सर्किटखाली ते घालू नये. त्यानंतर शेजारच्या काउंटरवरच्या गृहस्थांनी मला ‘फायबर लेझर’वाल्याकडे जायला सुचवले. ते मशीन पत्रा कापण्यासाठी असते; त्यातल्या ‘फायबर’चा अर्थ लेझर निर्माण करणारी काचेची तार. बाजारात पन्हाळी छपराच्या पारदर्शक शीटलाही फायबर म्हणतात ते निराळेच. शेवटी मशीन चालवणाऱ्या अमळनेरकडच्या तरुणाने माझी शीट हातात घेतली, नखाने टोकरली, वास घेतला आणि म्हणाला, ‘‘हाऊ ते पुठ्ठा शे, भाऊ!’’ व्हल्कनाइज्ड फायबरची इतकी अचूक ओळख मी कुठल्याही माहितीपत्रकात वाचलेली नाही.

मशीन ८० वॉटच्या काचेच्या ट्यूबचे, कार्बन डायऑक्साइड लेझरचे आहे. त्याच्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असल्यामुळे लाकूड, कागद, चामडे, अॅक्रिलिक यांवर ते चालते, धातूवर चालत नाही. पुठ्ठा ओळखल्यावर त्या तरुणाने जे केले ते या दुकानाची सर्वांत चांगली बाजू आहे. त्याने शीटच्या कोपऱ्यावर, माझ्याकडून एक पैसाही न घेता, वेगवेगळ्या मापांची पाच भोके कापून दाखवली. मी फाइलमध्ये तीन मिलिमीटरचे भोक काढले होते. किरण स्वतःच्या जाडीएवढे साहित्य जाळतो, त्यामुळे ते प्रत्यक्षात ३.२ भरले आणि माझे आयलेट त्यात खुळखुळू लागले. आम्ही तिथेच त्याच्या कोरल या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व भोके २.८ केली. वरून भोक मोठे आणि खालून किंचित निमुळते होते, हेही त्याने दाखवले. आयलेट निमुळत्या बाजूने घालून पलीकडून फुलवला तर तो घट्ट बसतो. ही गोष्ट मला स्वतःला कळायला दोन-तीन बोर्ड वाया घालवावे लागले असते.

बोर्ड १८० मिलिमीटर लांब आणि ६५ रुंद होता. कापायला पाच मिनिटांच्या आत वेळ लागला. त्या दुकानात मिनिटावर पैसे आकारतात, पण किमान बिल दीडशे रुपयांचे असते. म्हणजे एका बोर्डासाठी जाणाऱ्याला ते महाग पडते आणि तीन-चार बोर्ड एकदम नेणाऱ्याला स्वस्त. भोकांची ओळ स्टीलच्या पट्टीला लावून पाहिली तर कुठेही केसाचा फरक नव्हता. अचूकतेबाबत या कामाला मी पूर्ण गुण देईन.

आता उणीव. मी गेलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि बाहेर पारा पंचेचाळिसाच्या आसपास होता. काचेच्या लेझर ट्यूबला थंड पाण्याचे फिरते आवरण लागते. पाणी तापले की ट्यूबचा जोर उतरतो. दुकानातला पाणी थंड ठेवणारा चिलर त्या दिवशी हरला होता. जोर कमी म्हणून वेग कमी ठेवला, आणि वेग कमी म्हणून किरण प्रत्येक जागी जास्त वेळ रेंगाळला. परिणामी कडा नुसत्या तपकिरी न होता कोळशासारख्या काळ्या झाल्या. बोट फिरवले की काजळी हाताला येत होती. काळ्या शीटवर काळी काजळी दिसत नाही, हे आणखी एक दुर्दैव. मालकांनी सांगायला हवे होते की हे काम सकाळी सातला आणा. नंतर कळले की उन्हाळ्यात ते स्वतःची नाजूक कामे सकाळीच उरकतात. हे गिऱ्हाइकाला आधी सांगण्याची पद्धत तिथे नाही, आणि माझी या दुकानाविषयीची मुख्य तक्रार हीच आहे.

त्यावर कडी म्हणजे कोरीवकाम. मालक म्हणाले, ‘‘सर, कटिंगबरोबर मार्किंग फ्री करून देतो.’’ फुकटाच्या मोहाने मी होकार दिला. प्रत्येक रेझिस्टर व कपॅसिटरची बाह्यरेषा आणि तिच्यात त्याची किंमत, अशी सुरेख नक्षी बोर्डावर उमटली. दिसायला बोर्ड इतका देखणा झाला की चॅसिसमध्ये बसवण्यापूर्वी मी त्याचे फोटो काढून मित्रांना पाठवले. त्या नक्षीतली प्रत्येक रेष एका आयलेटपासून दुसऱ्या आयलेटपर्यंत जात होती, आणि प्रत्येक रेष म्हणजे जाळलेल्या कापसाचा, अर्थात कार्बनचा, पट्टा होता, हे माझ्या लक्षात यायला तीन महिने लागले. मी व्यवसायाने विज्ञानशिक्षक आहे, त्यामुळे याची लाज थोडी अधिकच वाटते.

मे आणि जूनच्या आरंभी अॅम्प उत्तम वाजला. बसवण्यापूर्वी मल्टिमीटरने आयलेटांमधला रोध मोजला होता. काटेविरहित मीटरने ‘ओएल’, म्हणजे मापाबाहेरचा रोध, दाखवले आणि मी निश्चिंत झालो. आता कळते की नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा मीटर तीनशे व्होल्टखालच्या बोर्डाविषयी फार थोडे सांगू शकतो. शिवाय खानदेशातला मे महिना कोणत्याही विद्युतरोधकाला पास करून टाकतो. इतक्या कोरड्या हवेत ओला टॉवेलही अर्ध्या तासात वाळतो, तिथे बोर्डात ओलावा राहणार कुठून? मुंबईच्या माणसाला हा दोष पहिल्या आठवड्यात कळला असता. आम्हाला श्रावणाची वाट पाहावी लागली.

ऑगस्टमध्ये लक्षणे दिसू लागली. आवाजाचा नॉब फिरवला की खरखर. नॉब निम्म्याच्या पुढे नेला की सूर दबके, घसा बसल्यासारखे. प्रथम नॉब बदलला; नव्या नॉबनेही तसेच. मग पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटपासून, म्हणजे सूर बाहेर पडतो त्या टोकापासून, नॉबकडे जाणाऱ्या कपॅसिटरवर संशय गेला, कारण प्लेटवरचे दीडशेच्या आसपासचे व्होल्ट अडवून फक्त सूर पुढे सोडणे हे त्याचे काम. त्याचे एक टोक सुटे केले. तरीही नॉबच्या वरच्या टोकाला साडेतीन व्होल्ट दिसतच राहिले. कपॅसिटर नाही, वायर नाही, आणि वीज येते आहे: मग ती बोर्डातूनच येत असणार.

दुसऱ्या दिवशी बोर्ड घेऊन भुसावळच्या एका रिवायंडिंगवाल्यांकडे गेलो. रावेर-यावलच्या केळीच्या बागांवरचे सबमर्सिबल पंप त्यांच्याकडे रांगेने पडलेले असतात. त्यांतच माझी हातभर पट्टी पाहून ते हसले, पण मेगर, म्हणजे जास्त व्होल्ट लावून रोध मोजणारे यंत्र, त्यांनी लगेच काढला. पाचशे व्होल्टच्या मेगरवर कोऱ्या जागेतल्या दोन आयलेटांमध्ये काटा जवळजवळ अनंतावर गेला. त्या कपॅसिटरच्या दोन आयलेटांमध्ये, जिथे त्याची कोरलेली बाह्यरेषा दोन्ही टोकांना जोडत होती, तो चाळीस मेगओहमवर थांबला. हिशेब सरळ आहे. नॉब एक मेगओहमचा. वरून चाळीस मेगओहमचा चोरटा रस्ता. दीडशे व्होल्टचा एकेचाळिसावा भाग म्हणजे साडेतीन व्होल्टांहून थोडे अधिक. या व्हॉल्व्हचा कॅथोड दीड व्होल्टच्या आसपास बसतो. ग्रिड, म्हणजे सूर आत घेणारे टोक, त्याच्या खाली राहायला हवा. नॉब वर नेला की तो त्याच्या वर जात होता, म्हणून सूर गुदमरत होते. ६व्ही६ च्या आधीचा कपॅसिटरही तसाच कोरला होता, पण तिथे ग्रिडचा रोध केवळ २२० किलोओहमचा असल्याने तेवढीच गळती एका व्होल्टाच्या आतच राहते आणि कानाला कळत नाही. ज्यांना हे सर्किट बांधायचे आहे त्यांनी ही आकडेमोड लक्षात ठेवावी : चाळीस मेगओहम हा आकडा पंपाच्या मोटरीला सुदृढ प्रकृतीचा दाखला आहे आणि गिटारच्या अॅम्पला आजार.

येथे फेंडरच्या जुन्या अॅम्पविषयी एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या काळ्या बोर्डांत दमट हवेत गळती होते, हे दुरुस्ती करणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ती टाळण्यासाठीच कारखान्यात ते बोर्ड मेणात बुडवत. म्हणजे सगळे खापर लेझरवर फोडता येणार नाही. साहित्याची प्रकृतीच तोळामासा, लेझरने तिला फक्त बाहेरून वाट मोकळी करून दिली.

सप्टेंबरमध्ये त्याच दुकानात पुन्हा गेलो, या वेळी सकाळी साडेसातला. मालकांना जुना बोर्ड आणि मेगरचा आकडा दोन्ही दाखवले. त्यांनी वाद घातला नाही, आणि दुसऱ्या बोर्डाचे पैसे घ्यायलाही नकार दिला. मी ते आग्रहाने दिले. कोरीवकाम पूर्ण काढून टाकले. वेग दुपटीहून जास्त ठेवून, कमी जोरावर, एका फेरीऐवजी तीन फेऱ्यांत बोर्ड कापला, आणि वरून हवेचा झोत जास्त सोडला. धुराचे डाग पडू नयेत म्हणून शीटवर आधी कागदी मास्किंग टेप चिकटवली होती. कडा या वेळी गडद तपकिरी आल्या. आणखी एक बदल माझ्या बाजूने केला. कागदाप्रमाणे फायबरलाही उभा-आडवा कल असतो, आणि ओलाव्याने ते आडव्या दिशेत जास्त फुगते. म्हणून बोर्डाची लांबी शीटच्या उभ्या कलाबरोबर ठेवली. पहिला बोर्ड उलटा कापला होता आणि ऑगस्टपर्यंत तो केळीच्या पानासारखा मध्ये उंच झाला होता.

घरी आणल्यावरचे काम दुकानाच्या आवाक्याबाहेरचे आहे, पण लेझरने कापलेला कोणताही फायबर बोर्ड त्याशिवाय वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेरच्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासून मूळ काळा, चिवट पदार्थ लागेपर्यंत खाली उतरवल्या. भोके मुद्दाम २.६ कापून घेतली होती. ती हाताने फिरवायच्या ड्रिलने तीन मिलिमीटर केली, म्हणजे भिंतीवरचा जळका थर भुशाबरोबर निघून गेला. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पुन्हा भुसावळला नेऊन, मोटरी वाळवायच्या त्यांच्या भट्टीत नव्वद अंशांवर सहा तास ठेवला आणि गरम असतानाच इन्सुलेशन वार्निशमध्ये बुडवला. मेण मी जाणूनबुजून टाळले. पॅराफिन साठ अंशांच्या आसपास वितळते; मे महिन्यात खोलीतच चाळीस अंश असताना व्हॉल्व्हच्या उष्णतेने चॅसिसमध्ये त्याचे काय होईल, ते सांगायला नको. वार्निश सुकल्यावर मेगरचा काटा सर्वत्र वरच्या टोकाला गेला, आणि यंदाच्या ऑगस्टमध्ये मोजले तेव्हाही तिथेच होता.

दुसरे पर्यायही मी तपासले. ग्लास-इपॉक्सी, म्हणजे छापील पाट्यांसाठी वापरतात ते हिरवट साहित्य, ओलाव्याला दाद देत नाही आणि खरे तर याहून सरस आहे, पण ते लेझरखाली कापायला या दुकानाने साफ नकार दिला आणि तो योग्यच होता : काच कापली जात नाही, इपॉक्सी जळते, आणि त्या धुरात बसणाऱ्याचे भले होत नाही. पीव्हीसीलाही तिथे बंदी आहे. पाइपांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात रोज कोणीतरी पीव्हीसीची शीट घेऊन येतोच, आणि त्यातून निघणारा आम्लाचा धूर माणसाच्या फुप्फुसाला आणि मशीनच्या लोखंडाला सारखाच खातो. हायलम (कागद आणि रेझिन दाबून केलेली) शीट स्वस्त आहे, इथेच मिळते, पण लेझरने तिच्याही कडा कोळसा होतात. ती ड्रिलनेच करावी. ज्याच्याकडे उभे ड्रिल मशीन आणि धीर आहे, त्याने हायलम किंवा ग्लास-इपॉक्सी वापरावे आणि लेझरच्या दुकानाची पायरी चढूच नये.

ज्याला जुन्या अॅम्पसारखा काळा फायबरच हवा, एकाच आराखड्याचे चार-पाच बोर्ड हवेत आणि घासण्या-वाळवण्याची तयारी आहे, त्याला हे दुकान मी सुचवीन. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात शाळांच्या ट्रॉफ्यांमुळे तिथे आठवडाभर थांबावे लागते. लग्नसराईत त्याहून जास्त. फाइल डीएक्सएफ या आराखड्यांच्या फाइल-प्रकारात न्यावी, आणि मापे मिलिमीटरमध्ये आहेत ना हे उघडल्यावर पाहावे, कारण एकदा माझ्यासमोर दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाची पाटी इंच समजून कापायला घेतली होती. पत्ता हवा असलेल्यांना मी खासगीत कळवीन.

मित्रासाठी तिसरा बोर्ड गेल्या आठवड्यात टाकला आहे. मालकांनी सवयीने विचारले, मार्किंग करायचे का. त्या मित्राला नक्षी फार आवडते, म्हणून त्याच्या रेझिस्टरांच्या किमती मी पांढऱ्या तैलरंगाने, बारीक कुंचल्याने, घरी बसून लिहितो आहे.